पार्श्वभूमी : काळ्या बिअरला ‘फिकट’ का म्हणायचं?

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका गच्चीवर आम्ही पाच जणांनी एक काळी बिअर चाखली. बेंगळुरूला नोकरीला असलेल्या भाच्याने दोन कॅन रात्रीच्या बसने, टॉवेलात गुंडाळून आणले होते. त्याने मुद्दाम कॅन दाखवला नाही. काचेच्या चहाच्या पेल्यांत ओतून हातात दिली आणि ओळखा म्हणाला. मी म्हटलं पोर्टर. माझ्या वकील मित्राचा धाकटा भाऊ माझ्या बाजूचा. वकिलाने स्टाउट म्हणून मत नोंदवलं. शेजारच्या काकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला कठड्यावर ठेवला. ‘कषाय पाजूलास काय रे आम्हाला?’ कषाय म्हणजे काढा.

मग कॅन पुढे आला. त्यावर लिहिलं होतं : ब्लॅक आयपीए. वकिलाने ती अक्षरं सोडवून वाचली, ‘ब्लॅक इंडिया पेल एल’, आणि म्हणाला, ‘काळी आणि फिकट, एकाच दस्तात? कोर्टात एक मिनिट टिकायचं नाही.’

हा मजकूर त्या तीन-चार शब्दांमागे काय काय दडलं आहे त्याबद्दल आहे. एल उबेत आंबवतात, लागर थंडीत, आणि हॉप्स ही बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, एवढं लक्षात असलं की पुरे.

रंगाबद्दल मात्र थोडं सांगावं लागेल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. माल्ट ही चीज आपल्याकडच्या आजीबायांना कुणी शिकवायला नको. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची. बाळाला पाजायचं सत्व तयार. सातूवर, म्हणजे बार्लीवर, हाच प्रयोग केला की बिअरचा माल्ट होतो. फिकट माल्ट नुसता सुकवलेला, तपकिरी माल्ट बराच भाजलेला, आणि काळा माल्ट कॉफीच्या बीसारखा दोनशे अंशांच्या वर नेलेला. बेळगावात कुंद्याच्या कढईशेजारी कधी उभे राहिला असाल, तर दूध आटता आटता पांढऱ्याचं तपकिरी कसं होतं आणि खरपूस कुठे संपून करपट कुठे सुरू होतं, ते नाकाला माहीत आहे. दाण्याच्या भट्टीत बरंचसं तेच घडतं. काळ्या बिअरमध्येही काळा माल्ट फार नसतो. शंभर किलो धान्यात पाच-दहा किलो पुरतो, बाकी सगळा फिकटच.

म्हणून ‘काळी म्हणजे कडक’ हा आपल्याकडचा समज निराधार आहे. डब्लिनची जगभर विकली जाणारी काळी बिअर ४.२ टक्क्यांची. आपल्या बारमध्ये दिसणारी पिवळीधमक स्ट्राँग सात-आठ टक्क्यांपर्यंत जाते. रंगाचा नशेशी संबंध नाही, भाजण्याशी आहे.

रंग आणि ताकद यांची फारकत झाली ती लंडनमध्ये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे तपकिरी माल्टची, महिनोन् महिने मोठ्या पिंपांत मुरवलेली एक बिअर खपू लागली. ओझी वाहणाऱ्या हमालांची ती आवडती, म्हणून तिचं नाव पोर्टर. १७२२ साली अमुक एका ब्रुअरने तीन बिअरींचं मिश्रण एकाच पिंपात करायची युक्ती काढली आणि पोर्टर जन्मली, अशी एक गोष्ट अजून लेबलांवर छापली जाते. ती पहिल्यांदा लिहिली गेली ऐंशी वर्षांनी, १८०२ च्या सुमारास, आणि अभ्यासकांनी ती केव्हाच सोडून दिली आहे. खरं कारण साधं होतं : स्वस्त, टिकाऊ आणि मोठ्या प्रमाणावर करता येणारी बिअर. पिंपं किती मोठी? १८१४ च्या ऑक्टोबरात लंडनमधलं असं एक पिंप फुटलं, त्याच्या लोंढ्याने भिंती पाडल्या आणि शेजारच्या वस्तीतले आठ जण मेले.

त्याआधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ब्रुअरांच्या हातात हायड्रोमीटर आला होता. आपल्याकडे गवळ्याचं दूध तपासायला जी काचेची नळी बुडवतात, तिचीच बहीण. तिने हिशेब उघडा पाडला. तपकिरी माल्ट स्वस्त वाटतो, पण त्यातून साखर बरीच कमी निघते. फिकट माल्ट महाग दिसतो, पण पैशाला पुरतो. सगळे फिकट माल्टकडे वळले. मग पोर्टरचा रंग कुठून आणायचा? जळक्या साखरेपासून नको त्या पदार्थांपर्यंत सगळं घालून झालं, सरकारने बंदी घातली, आणि १८१७ साली एकाने कॉफी भाजायच्या पिंपासारख्या फिरत्या पिंपात माल्ट काळा करण्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून रंग वेगळा आणि ताकद वेगळी. आज कुठल्याही बिअरला पाहिजे तो रंग देता येतो, त्याचं मूळ हे पेटंट. पुढचा नावांचा गोंधळही तिथूनच आला.

स्टाउटचं काय? काही वर्षांपूर्वी इथल्या एका बारमध्ये मी स्टाउट मागितली. पोऱ्याने मान डोलावली आणि स्ट्राँगची बाटली आणून टेबलावर ठेवली. मी हुज्जत घातली. नंतर वाचनात आलं की इंग्रजीत बिअरच्या संदर्भात ‘स्टाउट’ शब्द सतराव्या शतकापासून सापडतो आणि त्याचा अर्थ होता कडक, जोरदार. अठराव्या शतकात फिकट स्टाउटसुद्धा विकली जात होती. कडक पोर्टरला स्टाउट पोर्टर म्हणायचे, मग पोर्टर गळून स्टाउट उरली, मग स्टाउट मवाळ होत गेली आणि नाव तसंच राहिलं. त्या पोऱ्याचं भाषांतर इतिहासाच्या दृष्टीने अचूक होतं. त्याची माफी मागायची राहून गेली.

लंडन आणि डब्लिनची पाणीही या कथेत आहेत. दोन्हीकडचं पाणी चुन्याने जड. जड पाण्यात आपली तूरडाळ शिजत नाही, घरोघरी अनुभव आहे. फिकट माल्टलाही ते सोसत नाही, चव बोथट आणि तुरट होते. भाजलेला माल्ट मात्र स्वभावाने आंबट. तो पाण्याचा अल्कलीपणा मारतो. काळी बिअर तिथे चांगली झाली ती पाण्यामुळे. फिकट एलचं गाव वेगळं, इंग्लंडमधलं बर्टन; तिथलं पाणीही जड, पण जिप्समचं, आणि ते फिकट माल्टला मानवतं.

आता आपल्या मुलखाकडे. बेळगावचा किल्ला १८१८ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या फौजेने घेतला आणि त्याच्या बाजूला पुढे कॅम्प उभा राहिला. कॅम्प कुठे, त्यातले बंगले कसे, हे इथल्या माणसाला सांगणं म्हणजे आईला माहेर दाखवणं. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की या छावणीचं बंदर वेंगुर्ला होतं. पलटणी तिथे उतरायच्या, घाट चढून वर यायच्या. माल बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून यायचा. रेल्वे आली ती १८८० च्या दशकाच्या शेवटाकडे. तोवर विलायतेहून येणारं जड सामान या घाटांतूनच वर चढायचं.

हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती बिअरबद्दल एक लोकप्रिय चित्र आहे : गोरा साहेब, व्हरांडा, पंखा ओढणारा नोकर आणि पेल्यात फिकट सोनेरी एल. ते अर्धंच चित्र आहे. फिकट एल अफसर, व्यापारी आणि कलेक्टर-मंडळींची होती. बराकीतला साधा गोरा शिपाई पोर्टर प्यायचा. कंपनी, आणि १८५८ नंतर सरकार, पलटणींसाठी हजारो पिंपं पोर्टर ठेक्याने मागवत असे. १७८४ सालच्या कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत पोर्टर आणि पेल एल शेजारी शेजारी विकायला ठेवलेल्या दिसतात. म्हणजे आफ्रिकेच्या केपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास काळ्या बिअरनेही केला, आणि मोठ्या संख्येने केला. बेळगावसारख्या पलटणीच्या गावात काळी बिअर ही फॅन्सी गोष्ट नसावी, रोजच्या शिध्याचाच भाग असावी. आज तीच बिअर इथे ‘नवीन’ म्हणून चाखली जाते.

ती गेली कुठे? बर्फ, यंत्राचा गारवा आणि जर्मन पद्धतीची लागर आली, आणि उष्ण देशांत सगळ्या जुन्या बिअरी मागे पडल्या. हिंदुस्थानातल्या डोंगरी ब्रुअऱ्याही, कसौली असो, मरी असो वा निलगिरी, हळूहळू त्याच वाटेने गेल्या. श्रीलंकेत मात्र नुवारा एलियाच्या थंडीत रुजलेली स्टाउट टिकली. गोडसर, आठ टक्क्यांच्या वरची, आणि आजही लोक ती ताडी प्यावी तशी सहज पितात. आपल्याकडे असं काही टिकलं नाही, त्याला लागरखेरीज आणखी एक कारण आहे.

ते कारण म्हणजे दारूबंदी. इथे माझा हात थोडा सैल सुटेल, कारण या काळाच्या गोष्टी मी घरात ऐकत वाढलो. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळा मुलूख कोरडा झाला, कागदावर. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा आणि ओला. मधे चोरला, आंबोली, रामघाट आणि जंगल. त्यातून काय काय वर आलं याच्या कथा खानापूर-चंदगडकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे आहेत, आणि प्रत्येकाच्या कथेतला नायक त्याचा चुलता असतो. खेड्यात हातभट्टी होती. काळा गूळ आणि नवसागर हे दोन शब्द एकत्र उच्चारले की पोलीस पाटील कान टवकारायचा. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या जिभेवर ‘काळं पेय’ म्हणजे सडकं, करपलेलं, संशयास्पद, हे समीकरण त्या वर्षांत पक्कं झालं. काकांचं वाकडं तोंड कॉफीसारख्या कडवटपणामुळे नव्हतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याबद्दल इथे काही सांगत नाही, सगळ्यांना पाठ आहे. बंदी मात्र लगेच उठली नाही. जुन्या मुंबई राज्यातून आलेल्या भागाला मुंबईचाच कायदा काही वर्षं चिकटून राहिला, आणि १९६५ चा नवा अबकारी कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत, इकडे बंदीच होती. पुढे गंमत उलटी झाली. म्हैसूरचं कर्नाटक झालं आणि ते परवान्यांच्या वाटेने गेलं. महाराष्ट्राने १९४९ चा कायदा आजवर रद्द केला नाही, त्यात परवानगीच्या खिडक्या काढत गेला. म्हणून बेळगावहून निघून सीमेवरची शिनोळी ओलांडली की पाट्या बदलतात. अलीकडे ‘बार अँड रेस्टॉरंट’, पलीकडे ‘परमिट रूम’. पलीकडे कायद्याने आजही पिणाऱ्याकडे परवाना हवा. तो मागितला जातो की नाही हा भाग वेगळा. चोरल्याने उतरून गोव्यात गेलात तर तिसराच नियम, पिण्याचं किमान वयसुद्धा वेगळं, आणि कणकुंबीच्या नाक्यावर परत येताना डिकी उघडायला लागते. एका तासाच्या अंतरात तीन राज्यांचे तीन अबकारी कायदे बघायचे तर आमच्याइतकी सोयीची जागा नसेल.

२००७ च्या जुलैत कर्नाटकाने साराई, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली. गावोगावचा साराई पिणारा स्वस्त व्हिस्की-रमकडे वळला. बिअर त्या सगळ्यात शहरी पोरांची आणि लग्नाच्या आदल्या रात्रीची गोष्ट होती, एकाच पिवळ्या रंगाची. साखर कारखान्यांचा जिल्हा, मळी मुबलक; इथल्या दारूधंद्याचं लक्ष उसाकडेच. सातू पिकते राजस्थान-हरियाणाकडे, हॉप्स थोडेफार लाहौलच्या खोऱ्यात आणि बाकी जहाजाने. आपल्या मातीचं बिअरमध्ये काही नव्हतं.

बदल आला तो २००८ नंतर, गुडगाव, मग २००९ ला पुणे, मग २०१०-११ ला बेंगळुरू. तिथेच बनवायची, तिथेच नळातून विकायची, अशा छोट्या ब्रुअऱ्यांना परवाने मिळू लागले. बेंगळुरूत त्या डझनांनी झाल्या. प्रत्येकीच्या फळ्यावर एक गव्हाची, एक संत्र्याची साल घातलेली आणि एक काळी, हा ठरलेला संसार. काळी असायचीच, कारण आयटीवाल्यांना कॉफीची उपमा चटकन पटली. नियमामुळे ही बिअर त्या इमारतीबाहेर जात नसे, म्हणून बेळगावकराला तिची चव नोकरीनिमित्त किंवा मुलीच्या घरी गेल्यावरच. २०१५ च्या सुमारास बाटलीबंद देशी क्राफ्ट बिअर आली आणि मग कॅन. गच्चीवर आलेला कॅन या शेवटच्या पिढीतला.

आता त्या नावाकडे. मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे.

‘इंडिया पेल एल’ या नावाची एक दंतकथा आहे की लंडनच्या बो भागातल्या एका ब्रुअरने समुद्रप्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम जास्त हॉप्स घालून ती शोधली. असा शोध कुणी लावल्याचा पुरावा नाही. हॉप्स टिकाऊपणा देतात हे ब्रुअरांना आधीपासून माहीत होतं आणि फिकट एल आधीपासून जात होती. हे नाव तर आणखी उशिरा आलं; छापलेलं सापडतं ते १८२९ साली, आणि तेही सिडनीच्या वर्तमानपत्रात, ‘ईस्ट इंडिया पेल एल’ म्हणून. हिंदुस्थानात जाणारी जशी असते तशी, एवढाच त्याचा अर्थ. विसाव्या शतकात ही बिअर मवाळ होत जवळजवळ विसरली गेली. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी तिला पुन्हा उभं केलं, पण स्वतःच्या, अमेरिकन हॉप्सवर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ओरेगॉनमधल्या सरकारी संशोधनातून ‘कॅस्केड’ जातीचे हॉप्स बाहेर आले. त्यांना मोसंबीच्या सालीचा, देवदाराचा वास. आयपीए म्हणजे हा वास, असं पक्कं झालं.

मग १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँटमधल्या एका छोट्या पबमध्ये कुणीतरी तीच हॉप्सने भरलेली बिअर काळी केली. गाजली नाही, पण विसरलीही गेली नाही. दहाएक वर्षांनी कॅलिफोर्निया आणि वायव्येकडच्या ब्रुअऱ्यांनी ती उचलली, आणि भांडण सुरू झालं. बाकी कुठल्या बिअरच्या नावावरून इतकी शाई सांडल्याचं मला आठवत नाही.

एक पक्ष म्हणाला, ‘ब्लॅक आयपीए’ म्हणा. आयपीए ही आता तीन अक्षरं आहेत, ती कुणी सोडवत नाही. पिणाऱ्याला त्यातून कळतं की हॉप्स जबर असणार. हा युक्तिवाद मला पटतो. ‘परमिट रूम’ या शब्दांत परमिटची आठवण कुणाला येते? तरी पाटी सगळ्यांना बरोबर कळते. दुसरा पक्ष म्हणाला, काळी असून फिकट म्हणणं हास्यास्पद आहे, आणि ही बिअर आमच्या कॅस्केड डोंगररांगांच्या मुलखातल्या हॉप्सची, तेव्हा तिला ‘कॅस्केडियन डार्क एल’ म्हणा. वायव्येकडच्या लोकांनी २०१० च्या सुमारास यासाठी सभा घेतल्या, चाखण्या घेतल्या. प्रादेशिक अस्मितेच्या सभा आम्हाला नवीन नाहीत, त्यामुळे सहानुभूती आहे. पण पहिली झाली देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँटात. हॉप्स कुठले यावर नाव ठरवायचं तर जगातल्या निम्म्या बिअरींची नावं बदलावी लागतील.

तिसरा पक्ष स्पर्धांचे नियम लिहिणाऱ्यांचा. त्यांना परीक्षकांच्या तक्त्यात एक रकाना हवा होता. २०१० ला त्यांनी ‘अमेरिकन-स्टाईल इंडिया ब्लॅक एल’ असं नाव दिलं. म्हणजे ‘पेल’ खोडलं, ‘इंडिया’ ठेवलं. लगेच पुढच्या वर्षी ‘इंडिया’ही खोडलं. उरली नुसती ‘अमेरिकन-स्टाईल ब्लॅक एल’. २०१५ ला परीक्षकांच्या दुसऱ्या एका नियमावलीने ‘ब्लॅक आयपीए’ परत आणलं, तोवर ही लाट ओसरू लागली होती.

माझी तक्रार तिसऱ्या पक्षाशी आहे. ‘इंडिया’ खोडताना त्यांचा समज असा असणार की हिंदुस्थानात गेली ती फिकट बिअर, तेव्हा काळ्या बिअरला तो शब्द शोभत नाही. उलट आहे. लंडनच्या एका मोठ्या पोर्टर ब्रुअरीच्या १८५० च्या दशकातल्या वह्यांत हिंदुस्थानसाठी गाळलेल्या पोर्टरची वेगळी नोंद आहे, ईस्ट इंडिया म्हणून. देशात विकायच्या पोर्टरपेक्षा तिच्यात हॉप्स चांगलेच जास्त. काळी, हॉप्सने कडू आणि इंडियासाठी : तीनही अटी पुऱ्या, आणि सगळं अमेरिकेच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. ब्लॅक, इंडिया आणि पेल या तीन शब्दांत ‘पेल’ खोटं, ‘ब्लॅक’ डोळ्यांना दिसतंच, आणि ज्याला इतिहासाचा खरा आधार होता तो ‘इंडिया’ हा शब्द अमेरिकन कारकुनांनी उडवला.

वकील मित्राने इथे हरकत घेतली होती, ती नोंदवतो. त्याचं म्हणणं, वारसा सिद्ध करायचा तर सलग साखळी दाखवा. ती मला दाखवता येत नाही. व्हरमाँटच्या त्या पबला लंडनच्या वह्या माहीत होत्या असं दिसत नाही, हॉप्सची जात वेगळी, यीस्ट वेगळं. जुनी पोर्टर पिंपात महिनोन् महिने मुरलेली, ही ताजी प्यायची. वारस म्हणता येणार नाही, एकाच नावाचे दोन लोक म्हणता येईल. तरी सात-बारा काढायचाच ठरला तर ‘इंडिया’वर काळ्या बिअरचा कब्जा जुना आहे, एवढं मी सोडणार नाही.

नावाच्या भांडणात आम्ही फार गुंतू नये असं भाच्याचं मत पडलं. ज्या गावाची पाटी २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदलली आणि ज्याचं नाव घरात आजही जुनंच चालतं, तिथल्या माणसांना हा सल्ला देणं सोपं आहे.

आता कॅनमधल्या ऐवजाबद्दल दोन गोष्टी, कारण आमच्या वेगवेगळ्या मतांचा उलगडा त्यात आहे. ही बिअर करताना काळ्या माल्टची साल आधीच काढलेली असते, किंवा तो गार पाण्यात वेगळा भिजवून नुसता रंग उतरवून घेतात, चहाचा अर्क काढावा तसा. सालीतला करपटपणा येऊ नये आणि हॉप्सला वाव मिळावा यासाठी ही खटपट. नीट जमली तर डोळे मिटून प्यायल्यावर ती काळी आहे हे कळू नये, असं तिचे भक्त सांगतात. मग मला आणि वकिलाच्या भावाला पोर्टर का लागली?

भाच्याने कॅन उलटा करून तळाची तारीख दाखवली. भरून पाच महिने झाले होते, त्यातली शेवटची रात्र बसच्या डिकीत. हॉप्सचा वास हा कोथिंबिरीसारखा, उष्णतेत भराभर उडतो. कडवटपणा मागे राहतो, भाजलेल्या दाण्याची चव राहते. मोसंबीची साल गेली आणि उरली ती पोर्टर. वेंगुर्ल्याहून घाट चढून आलेल्या पिंपातही बहुधा हेच उरत असावं.

दुसरा कॅन बोलण्याच्या नादात तासभर कठड्यावरच राहिला होता. फोडला तेव्हा थंडगार नव्हता, आपल्या हिवाळी रात्रीइतका गार होता. काळ्या बिअरला ते बरोबर पडतं, दहा-बारा अंशांवर भाजलेल्या माल्टची चव खुलते आणि कडवटपणा बोचत नाही. काकांनी हुंगून पाहिलं, एक घोट घेतला. या खेपेला पेला कठड्यावर ठेवला नाही.